धरणाच्या खालच्या अंगाला

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क गावाजवळ आज धरण नाही. त्याची दोन टोके तेवढी उरली आहेत. मधल्या खिंडारातून लहानशी नदी वाहते. टेकाडावरील स्मारकापाशी उभे राहून पाहताना, येथे सुमारे दोन कोटी टन पाणी साठले होते यावर विश्वास बसत नाही.

72 फूट उंचीचे हे मातीचे धरण 1879 मध्ये स्थापन झालेल्या, पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका क्लबच्या मालकीचे होते. तलाव केवळ नौकाविहार आणि मासेमारीसाठी. बग्ग्या जाव्यात म्हणून धरणाचा माथा उतरवला गेला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. पाणी सोडण्याचे नळ पूर्वीच्या मालकाने काढून विकले होते, ते पुन्हा घातलेच नाहीत. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टी झाली, जाळ्या काडीकचऱ्याने तुंबल्या आणि धरण फुटले. तासाभरात लोंढा 14 मैलांवरील जॉन्सटाउनवर कोसळला. 2209 माणसे दगावली. तारेने इशारे धाडले होते. परंतु वर्षानुवर्षे तशाच आवया ऐकलेल्या लोकांनी ते मनावर घेतले नाहीत.

आज अमेरिकेत धरणांचा धोका अल्प, लक्षणीय आणि उच्च अशा तीन वर्गांत मांडतात. हा वर्ग धरणाची प्रकृती सांगत नाही; ते फुटले तर खाली काय गमवावे लागेल, हे सांगतो. जीवितहानी संभवत असेल, तर नवे, भक्कम धरणही 'उच्च' वर्गातच बसते. धरण तेच राहते, पण खाली नवी घरे उभी राहिली की वर्ग बदलतो. वैद्याला हे नवे नाही. न्हाणीघराची ओली फरशी एकच. तरुण घसरला तर खरचटते, ऐंशीच्या आजींचे खुब्याचे हाड मोडते. धोका फरशीइतकाच पडणाऱ्यावर ठरतो.

जॉन्सटाउनच्या डोंगरमाथ्यावरील ग्रँडव्ह्यू दफनभूमीत ओळख न पटलेल्या 777 जणांच्या निनावी शिळा आहेत. याच डोंगरावर 1891 मध्ये तीव्र चढाची रेल्वे बांधली गेली. 1936 च्या पुरात तिने अनेकांना उंचावर नेले. चढण चढू न शकणाऱ्यांसाठी अशी वाट आधीच तयार असावी लागते.

आपले घर किंवा सुटीतला मुक्काम एखाद्या खाजगी तलावाच्या खाली असेल, तर विचारून ठेवावे: मालक कोण, तपासणी कोण करतो, इशारा कोण देणार? उंचावर जाण्याची वाट कोणती, आणि आजोबांना कोण उचलणार? आठवड्याची औषधे, चष्मा आणि नाव-पत्ता-आजार लिहिलेला कागद एका पिशवीत असावा. रात्री श्रवणयंत्र काढून झोपणाऱ्याला भोंगा ऐकू येत नाही. त्याला हलवून उठवण्याचे काम घरातील एकाने नेमून घ्यावे.