नथीपुरती लेन्स

शारजात आल्यावर शाळा सुटली आणि मी मोत्यांच्या नथी ओवू लागले. (जुन्या नथींतले बसरा मोती याच आखातातले, माझे मात्र खोटे!) गेल्या पाडव्याला एक नथ परत आली. ‘फोटोत केवढी भरगच्च दिसत होती गं,’ ताई म्हणाल्या. त्यांचं काय चुकलं? मोबाईल फार जवळ नेला की पुढचा मोती फुगतो, मागचे बारीक दिसतात.

यांचा जुना कॅनन कपाटात पडून होता. त्याला लेन्स घ्यायला बर दुबईला गेलो. दुकानदाराने ५० एमएम, एफ १.८ पुढे केली. स्वस्त, हलकी. यांनी लगेच पाकीट काढलं. मी थांबवलं, नथींचे पैसे पर्समध्ये होते, सात वर्षांतली माझी पहिली कमाई. दुकानाच्या कार्डामागे गणित मांडलं. ही लेन्स ३५ सेंटिमीटरहून जवळचं टिपत नाही. सेन्सरवर वस्तू फार तर ०.२१ पट उमटते. म्हणजे ३ सेंटिमीटरची नथ जेमतेम ६ मिलिमीटर, आणि सेन्सर २२ मिलिमीटर रुंद. पाव भाग नथ, बाकी टेबलक्लॉथ!

६० एमएम मॅक्रो एकास एक उमटवते. नवी परवडेना, वापरलेली घेतली. सगळे मोती स्पष्ट हवेत म्हणून एफ ११ आणि ट्रायपॉड.

आता प्रत्येक फोटोत नथीशेजारी एक दिरहमचं नाणं ठेवते. हे म्हणतात, त्याने शोभा जाते. जाऊ दे.