त्रेपन्न सेकंद

दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि वेळ सांगणारी संकेतस्थळं असतात. मी त्यात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे टाकलं. उत्तर आलं : २.७ किलोमीटर, अर्धा तास. चढ-उताराची तीस मिनिटं सरसकट सगळ्यांनाच लावत असावेत. विमानाच्या वेळापत्रकात मात्र दोन मिनिटं लिहिलेली आहेत, आणि विक्रम ५३ सेकंदांचा आहे.

ही बेटं स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी द्वीपसमूहात. वेस्ट्रेवर सहाशेच्या आसपास माणसं, पापा वेस्ट्रेवर नव्वदेक. १९६७ पासून चालू असलेलं हे जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण. ग्लासगोत शिकत असताना एका सुट्टीत मी केवळ त्यासाठी तिकडे गेले. आयलंडर नावाचं इवलंसं विमान, उतारू जेमतेम आठ. पायलटशेजारची जागाही उतारूलाच मिळते. ती मला मिळाली. मी फोन सरसावून बसले, मागे आणखी एक पर्यटक तसाच. माझ्या मागच्या बाई मांडीवर पिशवी धरून बसल्या होत्या. त्यांनी खिडकीबाहेर बघितलंही नाही. विमान उठलं, खाली हिरवट पाणी आलं, संपलं, आणि चाकं टेकली. मी मनात शहाण्णवपर्यंत मोजलं होतं.

सगळे हसत उतरलो. मला मात्र दाभोळची खाडी आठवली.

आजी धोपाव्याला, आम्ही दाभोळला. मध्ये वाशिष्ठी. दिवसा तर होती, बाकी वेळी खाडीला वळसा घालून एसटीने जायचं, म्हणजे अख्खा दिवस. १९९८च्या पावसाळ्यात एका रात्री पलीकडून फोन आला की आजीचं काही खरं नाही. पाण्याला ओढ होती, तरवाला नाही म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. बाबा रात्रभर धक्क्यावर उभे होते. समोरचे दिवे दिसत होते, असं ते अजून सांगतात, आणि नेहमी तेवढंच सांगतात. दुसऱ्या दिवशी ते एसटीने पोचले तेव्हा लोक परतायला लागले होते. गाड्या नेणारी फेरीबोट आली ती २००३ साली. आता पर्यटक तिच्यावर सेल्फी काढतात. मीही काढलेत.

पापा वेस्ट्रेच्या धावपट्टीलगत उभी राहून मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. नाव ऐकून आधी ते हसले, ‘पापा?’ म्हणून. मी सांगितलं, जुन्या नॉर्स भाषेत त्याचा अर्थ धर्मगुरूंचं बेट. मग विमान दाखवलं. मागे वेस्ट्रे अगदी स्पष्ट दिसत होतं.

“एवढ्याशासाठी विमान?”

“शिक्षक येतात, डॉक्टर येतात. नव्वद माणसं राहतात इथे.”

ते काही वेळ बोलले नाहीत. मला वाटलं रेंज गेली.

“धुकं पडलं तर?”

“नाही उडत.”

“मग?”

“बोट आहे.”

“आणि समुद्र खवळला तर?”

“मग थांबतात, बाबा.”

“हं,” ते म्हणाले. “फोन जरा फिरव. पलीकडचं परत दाखव.”

मी फोन वेस्ट्रेकडे वळवला आणि हात दुखेपर्यंत तसाच धरून ठेवला.