टोकियोतली पेज

टोकियोत आम्हाला लोक ‘सेन्सेई’ म्हणतात. सेन्सेई म्हणजे गुरुजी. दर शनिवारी दुपारी 2 ते 4 एदोगावा भागातल्या एका सभागृहाची लहान खोली भाड्याने घेऊन आम्ही उभयता उर्दू शिकवतो. विद्यार्थी आठ, बहुतेक निवृत्त. कुणाला गझल समजून घ्यायची आहे, कुणी नोकरीनिमित्त कराचीत राहून आलेले, एकाला नुसती अक्षरांची वळणं आवडतात.

उर्दू वाक्याची बांधणी जपानी माणसाला जड जात नाही. त्यांच्याकडेही क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं, आणि ‘को’, ‘से’, ‘में’ यांसारखे शब्द नामानंतर जोडतात. गाडी अडते ती लिंगावर. जपानीत नामाला लिंगच नाही. रोटी ‘अच्छी’ आणि पानी ‘अच्छा’ का, याचं उत्तर आमच्या बी.एड.मध्येही नव्हतं. ‘र’ आणि ‘ल’ त्यांना सारखेच ऐकू येतात, म्हणून चावलचा ‘चावर’ होतो. पण आम्हाला खरी अडचण वेगळीच आली. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हाय’, म्हणजे ‘हो’, म्हणत. आम्ही खूश. पुढे कळलं की त्या ‘हाय’चा अर्थ बरेचदा ‘ऐकतोय’ एवढाच असतो. नकारही सरळ येत नाही. ‘चोत्तो...’, म्हणजे ‘जरा...’, म्हणून वाक्य सोडून देतात. उरलेलं आपण ओळखायचं.

ही आडवळणाची रीत आम्हीही उचलली, आणि मार्चमध्ये आलेल्या रमजानात ती अंगाशी आली.

वर्गात तीन वाजता चहा होतो. आळीपाळीने कुणीतरी फ्लास्क भरून हिरवा चहा आणतं. पहिल्या शनिवारी कप पुढे आला, तेव्हा आमच्या तोंडून निघून गेलं, “आज पोट जरा ठीक नाही.” दुसऱ्या शनिवारीही तेच. रोजा ठेवून खोटं बोलत होतो, हे कळत होतं. गावी कोकणातल्या शाळेत असं कधी करावं लागलं नाही. रमजान लागला की शिक्षकांच्या खोलीतले हिंदू सहकारी आपणहून चहा बाहेर नेत. इथेही रात्री तरावीहला मेट्रोने ग्योतोकूच्या हिरा मशिदीत जातो, तिथे कुणाला काही सांगावं लागत नाही. वर्गात मात्र मुळापासून सांगावं लागलं असतं. शिवाय इथे ‘मेइवाकु’ नावाची एक मोठी धास्ती आहे, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होणं. आपल्या रोज्याचं ओझं त्यांना वाटेल, आठातले दोन-तीन यायचे थांबतील, अशी भीती होती. खरं सांगायचं तर, वर्ग टिकवायची फिकीर जास्त होती.

भोपाळचे मौलवी बरकतुल्ला 1909 साली याच शहरात हिंदुस्तानी शिकवायला आले होते. त्यांनी इथून ‘इस्लामिक फ्रॅटर्निटी’ नावाचं इंग्रजी पत्र काढलं. आणि आम्ही एक कप चहा नाकारायला पोटाचं निमित्त शोधत होतो!

तिसऱ्या शनिवारी आमच्या वर्गातल्या सगळ्यांत वयस्कर बाई हातात वेगळाच फ्लास्क घेऊन आल्या. तो उघडून आमच्यासमोर ठेवला. आत पातळ पेज, नुसता तांदूळ आणि पाणी. सोबत डबीत घरी खारवलेली आंबट उमेबोशी. पोट बिघडलं की जपानी घरात हेच देतात. शेजारी एका कागदावर पोटाच्या दवाखान्याचा पत्ता, खाली सुवाच्य उर्दूत लिहिलेलं, “जल्दी जाइए.” दोन आठवडे त्या काळजीत होत्या. “गरम आहे, आत्ताच खा,” असं म्हणून चमचा पुढे केला. सगळा वर्ग बघत होता.

आता कसली ‘चोत्तो’! आम्ही माफी मागितली आणि सगळं सांगितलं. पहाटे सहरी, मावळतीला इफ्तार, मध्ये पाणीसुद्धा नाही.

कुणी उठून गेलं नाही. उलट सगळे ओशाळले. तीन शनिवार सेन्सेईंच्या समोर आपण चहा प्यायलो! चहा बंद करायचा, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. त्याने आमचा रोजा कमी होत नाही, प्या, हे पटवण्यात अर्धा तास गेला. शेवटी फ्लास्क मागच्या टेबलावर गेला.

बाई तोवर गप्प होत्या. मग वहीत बघून, एकेक शब्द जोडत त्यांनी विचारलं, “आप ने रोज़ा क्यों छुपाई?”

रोजा पुल्लिंगी, तेव्हा ‘छुपाया’ हवं होतं. आम्ही चूक दुरुस्त केली नाही. उत्तरही धड देता आलं नाही.

मगरिबला घरी खजूर खाऊन तीच पेज घेतली. अजून कोमट होती. तापात अम्मी पेजेबरोबर लोणच्याची फोड द्यायची, उमेबोशीचा आंबटपणा जवळजवळ तसाच लागला. पुढच्या शनिवारी फ्लास्क परत करायचा होता. रिकामा कसा द्यायचा, म्हणून त्यात शेवयांची खीर भरली.