म्हाताऱ्याची खार

२ ऑक्टोबर २०२४, बुधवार. करावे

आज सर्वपित्री. गुरुजींनी वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावं विचारली, ती मी घडाघडा सांगितली. मग आई, आजी. आणि पणजीपाशी अडखळलो. घरात एवढी माणसं होती, कोणालाच तिचं नाव सांगता आलं नाही. गुरुजी म्हणाले, "राहू द्या, नाव ठाऊक नसलं तरी पिंड पोचतो." पोचत असेल. पण कावळ्याला पान ठेवून आलो तेव्हापासून मन स्वस्थ नाही. जिच्या पोटी आजोबा जन्मले तिला हाक मारायला माझ्याकडे शब्द नाही. आणि पणजोबांच्या वर कोण होतं, खाडीकाठी पहिलं कोण आलं, तेही ठाऊक नाही.

नोकरीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आता हेच काम हाती घ्यायचं.

५ ऑक्टोबर, शनिवार

पुतण्याचा न्यू जर्सीहून फोन. त्याच्या शेजारच्या आजोबांनी आपल्या मूळपुरुषाचा माग १७७६ च्या आधीपर्यंत काढलाय. शेतकरीच होता. चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंद, जमिनीचं खरेदीखत, मृत्युपत्रासोबत घरातल्या वस्तूंची यादी (गाय, नांगर, पलंग, तव्यापर्यंत सगळं) आणि शेवटी थडग्याचा दगड. पुतण्या विचारत होता, "काका, आपल्याकडे असं काही मिळेल?"

आपल्याकडे थडगं नाही, आपण राख खाडीत सोडतो. मृत्युपत्र लिहिण्याजोगं कोणाकडे काही नव्हतं. आपल्या माणसाची खूण एकच, जमीन. तीही १९७० साली सिडको आली तेव्हा ९५ गावांच्या जमिनींबरोबर गेली. तरी सुरुवात तिथूनच करायची.

९ ऑक्टोबर, बुधवार

जुन्या फेरफारांच्या स्कॅन प्रती आता संगणकावर मिळतात. आज दुपारभर डोळे ताणून वाचत बसलो. संपादनाआधीचा सातबारा ट्रंकेत होताच. त्याच्या डोक्यावर एक रकाना असतो, शेताचे स्थानिक नाव. त्यात लिहिलंय: म्हाताऱ्याची खार.

लहानपणी हे नाव शंभरदा ऐकलं. आई डबा घेऊन निघाली की शेजारीण विचारायची, "कुठं?" आणि आई सांगायची, "म्हाताऱ्याच्या खारीत." कोण म्हातारा, हे मी कधी विचारलं नाही.

फेरफार उलटे वाचत गेलो. वडिलांची वारस नोंद. त्याआधी आजोबा, कूळकायद्याने मालक. १ एप्रिल १९५७, कृषकदिन. मग कलम ३२ ग खाली किंमत ठरली आणि हप्ते बांधून दिले. शेवटचा हप्ता १९६८ मध्ये फिटल्याची नोंद आहे. आजोबा त्या दिवशी तालुक्याहून चालत आले होते आणि वाटेत सगळ्या ओळखीच्यांना पेढे वाटले होते, असं आई सांगायची. पुढच्या दोन वर्षांत संपादनाची अधिसूचना निघाली. बांध घालणाऱ्या घराला कागदावर मालक म्हणवून घ्यायला १९५७ ते १९७० एवढीच वर्षं मिळाली. हे आज प्रथमच तारखांसकट समोर आलं आणि मी संगणक बंद करून गच्चीवर गेलो.

१९५७ च्या मागे आम्ही कूळ, सावकार मालक. पण मग खार आमच्या म्हाताऱ्याची कशी?

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

काल पुनव झाली, आज उधाण. पाम बीच रस्त्यापलीकडे, तिवरांच्या आत, जुन्या बांधाचा तुकडा अजून आहे. नातवाला घेऊन सुकतीच्या वेळी गेलो. कांदळवनाला हात लागता कामा नये, म्हणून पायवाटेवरूनच पाहिलं. साठ-सत्तर पावलं लांबीचा उंचवटा. खाडीच्या अंगाला काळे दगड अजून तसेच रचलेले, शेताच्या अंगाला माती. दोन दगडांच्या फटीतून एक निवटा डोकावून आत गेला. एके ठिकाणी दगड थांबतात आणि फूटभर खाच दिसते. तिथे उघाडी होती.

नातवाला उघाडी समजावून सांगितली. लाकडाची झडप, खाडीकडे उघडणारी. भरती आली की पाण्याच्या दाबानेच ती घट्ट बसते, खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. माणूस लागत नाही, चंद्र तिची उघडझाप करतो. त्याने हाताने झडप करून दोनदा करून पाहिलं.

खार करणं म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. ओहोटीच्या चार-पाच तासांत चिखलाची ढेकळं काढायची, रांगेने माणसं उभी राहून हातोहात पुढे द्यायची, भरती यायच्या आत थर बसवायचा. परत आलं पाणी, नेलं अर्धं. परत दुसऱ्या दिवशी. बांध उभा राहिला तरी दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन जाण्याची वाट पाहायची, तोवर भात नाही. मग रहू, म्हणजे मोड आणलेलं बी चिखलात फेकायचं, कारण अशा जमिनीत आवणाची रोपं तग धरत नाहीत. बी राताचं. आमच्या घरात काळा राता होता, लाल दाण्याचा. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रामुळे याच जातीच्या वाणाचं नाव, काळा राता १-२४, खाऱ्या जमिनीतल्या भातावर काम करणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. ते बी निवडून जपणाऱ्या बायांची नावं मात्र कुठल्या तक्त्यात नाहीत.

आणि उधाणाने एका रात्री खांड पाडली की सगळं पहिल्यापासून.

११ नोव्हेंबर, सोमवार. पनवेल

चुलतभावाच्या माळ्यावर पत्र्याची नळकांडी निघाली. आत एकच कागद, तपकिरी, घडीवर फाटलेला, मोडीतला. आज तो घेऊन पनवेलच्या एका मोडीवाचक गृहस्थांकडे गेलो. त्यांनी आधी हात धुतले, पुसले, मग टेबलावर पांढरं कापड अंथरलं. त्यांच्या त्या कृतीनेच माझा गळा दाटला.

मोडीत लिहिणारा आधी ओळभर रेघ मारतो आणि तिला अक्षरं लटकवत जातो, बोरू उचलत नाही, शब्द तोडत नाही. त्यामुळे मला ते चिखलातल्या खेकड्यांच्या वाटांसारखं दिसत होतं. त्यांनी बोट धरून वाचायला लावलं. "सन सीत अशरीन मयातैन व अलफ." सीत म्हणजे सहा, अशरीन वीस, मयातैन दोनशे, अलफ हजार. शुहूर सन १२२६. त्यात ५९९ मिळवले की १८२५, मृगानंतरचं साल. म्हणजे पेशवाई जाऊन सात वर्षं झाली होती, कंपनी सरकारचा अंमल होता, पण कारकुनाच्या बोरूतून अजून जुनाच सन उतरत होता.

कागद कौलाचा. खाडीकाठची पड जमीन बांध घालून लागवडीस आणावी. पहिली चार सालं माफ, पुढे इस्तावा, म्हणजे दर साली थोडा थोडा चढता सारा, पुरा होईपर्यंत. आणि मग नाव. त्यांनी वाचलं, मी म्हटलं, "पुन्हा वाचा." माझंच नाव होतं. आमच्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, म्हणून एक पिढी सोडून तेच नाव परत येतं. फेरफारांत मी दोन वेगळ्या माणसांना एक समजून बसलो होतो, तेही आज सुटलं. नावापुढे "बिन", म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि बापाचं नाव. एका कागदाने दोन पिढ्या दिल्या.

नावाच्या आधी लिहिलंय "म्हातारा". मी म्हटलं, एवढा वयस्क माणूस बांध कसा घालणार? ते हसले नाहीत, शांतपणे म्हणाले, "हा हुद्दा आहे. ठाणे-कुलाब्याकडे पाटलाच्या हाताखाली गावकामगार असत, मढवी आणि म्हातारा. तुमच्याकडची मढवी, म्हात्रे ही आडनावं त्यातूनच आली." म्हणजे कदाचित तिशीतला गडी असेल, खांद्यावर घमेलं घेतलेला. माझ्या डोळ्यांपुढचा पांढऱ्या मिशांचा म्हातारा तिथल्या तिथे तरुण झाला.

खाली आणखी पाच नावं आहेत, वाटेकऱ्यांची. त्यातली तीन घरं आजही गावात आहेत, एकाशी आमचं बोलणं बंद आहे. उद्या त्यांच्याकडे कागदाची प्रत घेऊन जाणार.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

परवा मतदान झालं, आज कचेरीत माणसं जागेवर भेटली. कोतवाल बुक पाहायला मिळालं, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. पानं वाळवीने खाल्लेली, काही तर जाळीसारखी. १९१८ च्या शेवटच्या महिन्यांत रकाने गच्च भरलेत. कारण: ताप, ताप, ताप. तो मानमोडीचा ताप. एका पानावर आमच्या घरच्या तीन नोंदी, पाच दिवसांत. तिसरी माझ्या पणजीची. नावाच्या रकान्यात पणजोबांचं नाव आणि पुढे "याची बायको". वय तीस. एवढंच.

खाली बाकावर बसून राहिलो.

कर्ज त्याच सुमाराचं असावं, असं आता वाटतं. १९१८ नंतरच्या हक्कनोंदणीत खार सावकाराकडे गहाण दिसते, त्यानंतर आम्ही कूळ. तीन प्रेतं, आजारी माणसं, कापणी तशीच उभी. बांध कोणी पाहिला असेल त्या वर्षी? अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून १९३३ पासून सहा वर्षं जमीन कसली नाही, ते का, हे आता पुस्तकातून नाही, पोटातून कळतं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

चुलतभावाचा आग्रह, वंशावळीच्या माथ्यावर मुंगी पैठण लिहू. आगरी लोक बिंब राजाबरोबर तिथून आले अशी कथा आहे, राजवाड्यांनी १९२४ साली छापलेली महिकावतीची बखरही त्याने आणून ठेवली. बखर मोठी आहे आणि कथेवर माझं प्रेम आहे. पण बिंब आणि १८२५ यांच्यामध्ये आमच्याकडे एकही कागद नाही. कागदावर बापाचं नाव आहे, तिथे मी थांबणार. वर कोरी जागा ठेवली, तो नाराज झाला.

१२ डिसेंबर, गुरुवार. जुहूगाव

आत्याकडे गेलो. नव्वदीच्या घरात आहे, डोळे गेलेत, आवाज खणखणीत. कौलाचं सगळं वाचून दाखवलं. ऐकून म्हणाली, "ती कागदाची नावां. बायांची नावां मना ठावं हान. तू कवा इचारलंस काय?"

नव्हतं विचारलं. आत्याची सासू धवलारीण होती. आमच्याकडे लग्न धवलारीण लावते, आणि हळदीला देवांना मूळ धाडताना ती घरातल्या गेलेल्या माणसांनाही बोलावते, बाप्यांना आणि बायांनाही, नावं घेऊन. आमच्या घरच्या लग्नांना तीच यायची, आणि आत्या तिच्यामागे ओळ धरायची.

तिने डोळे मिटले, मांडीवर हाताने ठेका धरला आणि गायला लागली. मध्ये विचारलं की नावं विसरते, म्हणून मी गप्प बसून लिहीत गेलो. आजीचं आलं. मग पणजीचं आलं. मी पेन खाली ठेवलं, आत्या थांबली नाही, परत उचलावं लागलं. सहा नावं लिहून झाली. सातव्या जागी, जिथे कौलवाल्या म्हाताऱ्याची बायको यायला हवी, तिथे आत्याने नाव घेतलं नाही. "जासयवाली" म्हणाली आणि पुढे गेली. माहेरच्या गावावरून हाक मारायचे तसं.

दोनदा गाऊन घेतलं, दोन्ही वेळा जासयवालीच.

जासई. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळीबार झाला ते गाव. तिथे सोयरिकीची घरं अजून असतील, त्यांच्याकडेही कोणी धवलारीण असेल. पाम बीच रस्त्यावरून बेलापूर, पुढे उलवे, तासाभराचीच वाट. रविवारी सकाळी निघतो. नातू येणार म्हणतोय.