लेखक, प्रकाशक आणि हमाल

१९३६च्या वसंतात लाहोरचं जातपात तोडक मंडळ आणि त्यांच्या परिषदेचे नियोजित अध्यक्ष यांच्यात एका भाषणावरून पत्रापत्री चालली होती. भाषण मुंबईत छापून घेतलं जात होतं. मंडळाला त्यातला वेदांबद्दलचा आणि धर्मग्रंथांबद्दलचा मजकूर अडचणीचा वाटला आणि तेवढा काढावा अशी विनंती त्यांनी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवलं. परिषद रद्द झाली. व्यासपीठ गेलं, छापलेला मजकूर मात्र हातात होता. बाबासाहेबांनी तो मे महिन्यात स्वतःच पुस्तकरूपानं बाहेर काढला. 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'ची ही इंग्रजी आवृत्ती १५०० प्रतींची होती आणि दोन महिन्यांत ती संपली. दुसरी आवृत्ती निघेपर्यंत गुजराती आणि तमिळ भाषांतरं झाली होती, मराठी, हिंदी, पंजाबी आणि मल्याळमची चालू होती.

या पुस्तकावर महात्मा गांधींनी 'हरिजन'मध्ये लिहिलं. तात्त्विक मतभेद सर्वांना ठाऊक आहेत, पण त्याच लेखात गांधीजींनी किमतीचाही विषय काढला होता. पुस्तक आठ आण्यांना होतं. ते दोन आण्यांना, निदान चार आण्यांना मिळावं, अशी त्यांची सूचना होती. पदरमोड करून पुस्तक काढणाऱ्याला किंमत कमी करण्याचा सल्ला फुकट मिळतो, ही परंपरा इतकी जुनी आहे. पुढच्या वर्षी निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे लेख आणि त्यांना दिलेलं उत्तर दोन्ही छापलं. टीकाकाराचा मजकूर आपल्याच पुस्तकात घ्यायचा की नाही हे ठरवायला त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकाला जे स्वातंत्र्य मिळतं ते एवढंच आहे: मजकूर, किंमत आणि आवृत्ती यांवर शेवटचा शब्द त्याचा. बाकी सगळी कामं आहेत. मराठीत ती करणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध १८८२मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून घेतला. ५०० प्रती, किंमत नऊ आणे. जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. ते वगळता ताराबाईंच्या वाट्याला कुचेष्टाच आली आणि त्यांनी पुढे दुसरं पुस्तक छापल्याचं दिसत नाही. निबंध विस्मरणात गेला तो थेट १९७५पर्यंत. त्या वर्षी स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रसिद्ध केला. बाबासाहेबांच्या १५०० प्रती आणि ताराबाईंच्या ५०० प्रती यांच्यातला फरक मजकुराच्या ताकदीचा नव्हता. एकाच्या मागे सभा, वृत्तपत्रं आणि गावोगावचे कार्यकर्ते होते. दुसरीच्या मागे छापखाना होता, त्यापुढे काही नाही. आजही नवखा लेखक छपाईचा विचार सहा महिने करतो आणि त्यापुढच्याचा प्रकाशन समारंभ झाल्यावर.

हे 'त्यापुढचं' श्रीधर व्यंकटेश केतकरांनी आधीच ओळखलं होतं. महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी त्यांनी चक्क मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव फिरून वर्गणीदार गोळा केले आणि २३ खंड पुरे केले. 'माझे बारा वर्षांचे काम' या नावानं त्या उद्योगाची हकिगतही लिहिली. मराठीत ग्रंथव्यवहारावर विद्वत्तापूर्ण भाषणं पुष्कळ झाली, पण पैसे कसे उभे केले आणि कुठे अडले हे सांगणारं असं पुस्तक विरळाच. ते नव्यानं वाचलं जायला हवं.

र. धों. कर्वे यांचा मार्ग याच्या अगदी उलटा. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गेली आणि १९२७च्या जुलैपासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. ते १९५३मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. संपादक तेच, बहुतेक मजकूर त्यांचाच, तोटाही त्यांचा. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. खटला हरले, दंड झाला, मासिक चालूच राहिलं. अशा पुस्तकाला वा मासिकाला नेहमीचा प्रकाशक मिळणं शक्यच नव्हतं. स्वतंत्र प्रकाशनाची ही सर्वांत खरी गरज. 'चार ठिकाणांहून परत आलं म्हणून स्वतः काढलं' ही दुसरी, आणि त्या दुसऱ्या कारणाकडे लेखकानं जरा संशयानं पाहावं. चार संपादक एकाच वेळी चुकू शकतात, पण फार वेळा चुकत नाहीत.

संपादक ही स्वतंत्र लेखकाची सर्वांत मोठी उणीव आहे. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहून कथा पुन्हा पुन्हा लिहायला लावत. त्या जाचाला कंटाळलेल्यांनीच साठच्या दशकात लघुअनियतकालिकं काढली हे खरं. पण त्या लघुअनियतकालिकवाल्यांपैकी जे टिकले तेही एकमेकांचे कठोर वाचक होते. १९७६मध्ये मुंबईत अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चौघांनी 'क्लिअरिंग हाउस' ही कवींची स्वतःची प्रकाशनसंस्था उभी केली. कोलटकरांचं इंग्रजी 'जेजुरी' तिथूनच आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नावाजलेले कलादिग्दर्शक. संस्थेच्या पुस्तकांची रूपं त्यांनी घडवली. मराठी कवितांसाठी त्यांना अशोक शहाणे आणि 'प्रास प्रकाशन' भेटलं. शहाणे यांची प्रूफांवरची आणि अक्षरजुळणीवरची नजर हा दंतकथेचा विषय आहे. 'भिजकी वही' २००३मध्ये तिथूनच निघाली आणि कोलटकरांच्या मृत्यूनंतर तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे स्वतंत्र याचा अर्थ एकटा असा नव्हे. मजकूर कुणाला तरी पैसे देऊन, नाहीतर मैत्रीच्या हक्कानं, निर्दयपणे वाचायला लावणं हे खर्चाच्या यादीतलं पहिलं कलम असायला हवं. बहुतेक याद्यांत ते नसतंच.

आता कामाकडे. हस्तलिखित हल्ली बहुधा युनिकोडमध्ये असतं, आणि डीटीपीवाल्याकडे अनेकदा अजून श्रीलिपीसारखे जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालतात. रूपांतर करताना रफार सरकतो, जोडाक्षर फुटतं, 'ऱ्य'चं भलतंच काही होतं, अवतरणचिन्हं उलटी पडतात. लेखकानं घरी दहा वेळा तपासलेला मजकूर असला तरी जुळणीनंतरचं प्रूफ पहिल्यापासून वाचावंच लागतं. हे प्रूफ लेखकानं स्वतः वाचू नये. त्याला कागदावर काय आहे ते दिसत नाही, आपण काय लिहिलं होतं ते दिसतं. दुरुस्त्या झाल्यावर दुरुस्त केलेली ओळ नव्हे, तिच्या खालचा परिच्छेद पुन्हा पाहायचा, कारण ओळी पुढे ढकलल्या जाऊन नवीन चुका तिथे निघतात.

मग फॉर्मचा हिशेब. डेमी आकाराचा फॉर्म १६ पानांचा. १६० पानं म्हणजे बरोबर १० फॉर्म. पुस्तक १६३ पानांवर गेलं तर जास्तीचा अर्धा फॉर्म लागतो आणि पाच पानं कोरी राहतात. अनुभवी लेखक अशा वेळी मनोगत छाटतो. मराठी पुस्तकांतल्या पुष्कळ मनोगतांना याच न्यायाची गरज आहे! ऑफसेटला प्लेटांचा खर्च एक प्रत छापली तरी तेवढाच आणि हजार छापल्या तरी तेवढाच. म्हणून छापखानावाला ५००च्या जागी १००० प्रती छापा म्हणतो, प्रत स्वस्त पडते म्हणतो. ते खरंच असतं, पण न विकलेली स्वस्त प्रत घरात जागा तेवढीच अडवते. मागणीनुसार छपाईत प्रत महाग पडते आणि गठ्ठे साचत नाहीत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ५०० प्रती, प्रत्येकी ११० रुपये छपाई-बांधणी, एकूण ५५ हजार. अक्षरजुळणी, प्रूफं, संपादन, मुखपृष्ठ मिळून २५ हजार. छापील किंमत २५० रुपये. दुकानदार किंवा वितरक ४० टक्के कापून घेणार, म्हणजे लेखकाच्या हाती १५०. दुकानांतून २५० प्रती गेल्या तर साडेसदतीस हजार, तेही उधारी वसूल झाली तर. लेखकानं स्वतः १२० प्रती पूर्ण किमतीला विकल्या तर ३० हजार. परीक्षणासाठी आणि भेट म्हणून ५० प्रती गेल्या. ८० हजार घातले, साडेसदुसष्ट हजार आले, आणि कपाटात अजून ८० प्रती. हिशेबात लेखकाच्या दोन-तीन वर्षांच्या लिखाणाला किंमत धरलेलीच नाही. फायदा कुठे आहे हेही याच आकड्यांत दिसतं: थेट विकलेली प्रत दुकानातल्या प्रतीपेक्षा शंभर रुपये जास्त देते. म्हणून व्याख्यानानंतरचं टेबल, संमेलनातला गाळा, वाचकांची जपलेली यादी हे सगळं लेखनाइतकंच गांभीर्यानं करणारे लेखक तगतात.

थेट विक्री म्हणजे टपाल. डिसेंबर २०२४मध्ये टपाल खात्यानं पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत सेवा बंद केली, तेव्हा छोट्या प्रकाशकांची चांगलीच कोंडी झाली. मे २०२५पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली. सुरुवातीचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये. १६० पानांचं डेमी पुस्तक साध्या कागदावर साधारण २०० ग्रॅम भरतं, म्हणजे पाकिटासकट पहिल्या टप्प्यात बसतं. जाड कागद आणि पुठ्ठा बांधणी घेतली की ते टप्पा ओलांडू शकतं. कागद निवडतानाच वजनकाटा जवळ असावा.

सरकारी कामं लोक समजतात तेवढी भयंकर नाहीत. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो, तरी त्यासाठी पैसे उकळणारे मध्यस्थ आहेतच. कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य. त्यामुळे विक्रीवर कर नाही, आणि खर्चावर भरलेल्या कराची वजावटही नाही. पहिल्या पुस्तकासाठी साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. मात्र 'पॅकेज' विकणाऱ्यांपासून सांभाळावं. पैसे लेखकाचे, पण तयार फाइल आणि क्रमांक त्यांच्याकडे, आणि दुसरी आवृत्ती काढायची तर पुन्हा त्यांच्याच दारात. करारात फाइल कुणाची हे लिहून घेतलं नसेल तर त्या लेखकानं खर्च तेवढा स्वतंत्रपणे केला.

ई-पुस्तकात हमाली कमी. किंडलवर २०१६च्या अखेरीस मराठी आली आणि गठ्ठे, टपाल, उधारी यांतून सुटका झाली. पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं तर ते ई-पुस्तक ९०-९० दिवसांच्या मुदतीनं फक्त किंडलवरच ठेवावं लागतं, नाहीतर ३५ टक्के. प्रकाशकाच्या करारातून सुटलेला लेखक इथे दुसऱ्या करारात शिरतो. हा करार निदान दर तीन महिन्यांनी मोडता येतो.

दोन कामं बहुतेक जण टाळतात. पहिलं, १९५४च्या ग्रंथ-वितरण कायद्यानुसार प्रसिद्धीनंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथल्या तीन ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवणं. मूळ कायद्यात दंड ५० रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत, त्यामुळे भीती कुणालाच नाही. पण ५०० प्रतींचं पुस्तक नव्वद वर्षांनी कुणा मालशांना सापडायचं असेल तर या चार प्रतींवरच भिस्त आहे. दुसरं, वारस. हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. प्रकाशकाचं कार्यालय असेल तर निदान पत्ता तरी राहतो. स्वतंत्र लेखकाच्या बाबतीत भाषांतराची परवानगी कुणी द्यायची, छपाईची फाइल कुठल्या पेनड्राइव्हवर आहे आणि किंडल खात्याचा पासवर्ड काय, हे मृत्युपत्रात किंवा निदान घरातल्या वहीत लिहिलेलं असावं लागतं. मानधन जमा होतं ते बँकखातंही बहुतेकदा लेखकाच्या एकट्याच्या नावावर असतं.