तळोज्याच्या माळ्यावरची सौदी

बेलापूरहून मेट्रोत बसलं की अकरावं आणि शेवटचं स्थानक पेंधर. 17 नोव्हेंबर 2023 ला ही मेट्रो सुरू झाली आणि आम्हा बेलापूरकरांना तळोज्याचे नातेवाईक एकदम जवळचे झाले. इथली जुनी कोकणी घरं घ्या की शेजारचे नवे टॉवर, एक गोष्ट सारखीच: माळ्यावर सौदी आहे. बावा जेद्दाहून आले तेव्हा आणलेली इस्त्री, मिक्सर, टेप, लाल आकड्यांचं घड्याळ. वर्षानुवर्षं बायको-मुलांपासून लांब राहून आणलेल्या या वस्तू कुणी भंगारात देत नाही आणि धड वापरतही नाही.

अडचण विजेची आहे. आपल्या घरात 230 व्होल्ट येतात, 50 हर्ट्झवर. सौदीत पूर्वापार साध्या सॉकेटला 127 व्होल्ट, मोठ्या यंत्रांना 220, आणि दोन्हीकडे 60 हर्ट्झ. त्यामुळे तिथल्या दुकानांत 110 व्होल्टच्या वस्तू भरपूर. त्यांच्या चपट्या पिना आपल्या गोल भोकांत जात नाहीत, एवढंच काय ते संरक्षण. तेही कोपऱ्यावरच्या दुकानातला मल्टिप्लग काढून घेतो. व्होल्ट दुप्पट झाले म्हणून इस्त्री दुप्पट तापते असं नाही. चौपटीहून जास्त तापते. हजार वॉटची इस्त्री चार हजारांवर वॉट ओढू लागते. फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर वायर पेटते.

दुबई, कुवेत, कतारच्या सामानाला ही भीती नाही. तिथले व्होल्ट आणि हर्ट्झ जवळपास आपलेच. त्या जाड चौकोनी पिनांच्या प्लगच्या पोटात मात्र फ्यूज असतो. वायर कापून आपला प्लग बसवला की तो गेला. त्यातच काही वायरमन अर्थची हिरवी-पिवळी वायरही छाटून टाकतात. हे आम्हाला मुळीच पटत नाही. अशा वेळी आपण समोर उभं राहून ती जोडून घ्यावी.

सौदीच्या वस्तूंसाठी ट्रान्सफॉर्मर मिळतो. वस्तूच्या स्टिकरवर जितके वॉट लिहिलेत त्याहून मोठा घ्यायचा. पण तो व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि हे दुकानदार सांगत नाही. मिक्सरला त्याचं फारसं काही वाटत नाही. जुन्या फ्रिजची मोटर मात्र सावकाश फिरते आणि तापते. खरी गंमत त्या लाल घड्याळाची. अशी पुष्कळशी घड्याळं विजेचे ठोके मोजून वेळ दाखवतात. सेकंदाला साठ ठोक्यांची सवय आणि इथे मिळतात पन्नास, म्हणजे तासामागे दहा मिनिटं मागे. रात्री दहाला वेळ बरोबर लावून पाचचा गजर ठेवला, तर तो वाजणार सहा वाजून चोवीस मिनिटांनी. मे महिन्यात तोवर सूर्य वर आलेला असतो आणि फज्र कजा झालेली असते. ट्रान्सफॉर्मर कितीही भारी घ्या, हे सुटत नाही. असं घड्याळ शोभेला ठेवावं.

आपल्या रेल्वेनेही हा प्रश्न सोसला आहे. हार्बरची पनवेल लोकल एप्रिल 2016 पर्यंत 1500 व्होल्टच्या डीसीवर धावायची. आता वरच्या तारेत 25,000 व्होल्ट एसी आहे. मुंबईत हा बदल वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्याने चालला. मधल्या काळात दोन्ही विजेवर चालणाऱ्या गाड्या वापराव्या लागल्या. मोबाइलचा चार्जर अगदी तसाच. त्यावर 100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ असं लिहिलेलं असेल तर तो जगात कुठेही चालेल, फक्त पिन बदलायची.

हज-उमराहला जाणाऱ्यांनी बॅग भरताना हे आकडे वाचावेत. 2010 मध्ये सौदी सरकारने घरातली वीज हळूहळू 230 व्होल्टवर नेण्याचं ठरवलं, त्यामुळे नव्या इमारतीत आपली किटली नीट चालेल. जुन्या इमारतीत 127 चं सॉकेट भेटलं तर तिची ताकद तिसरा हिस्साही उरत नाही. किटली बिघडलेली नसते, चहाला वेळ लागतो इतकंच. भिंतीवर दुसरं सॉकेट असेल तर आधी त्यावरचा आकडा पाहावा, किंवा खाली विचारून यावं.