सारखं भांडवल

मी कॉमर्स शिकवतो. एफ.वाय.च्या पोरांना व्याख्या पचत नाहीत, म्हणून वर्गात खेळ मांडतो. पाच-पाच जणांचं एक दुकान. प्रत्येक दुकानाला कागदी दहा हजार रुपये. माल घ्यायचा, भाव लावायचा, भाडं-मजुरी भागवायची. दर फेरीला मी एक चिठ्ठी काढतो. पाऊस लांबला. माल अडकला. मागणी वाढली. दहा फेऱ्या झाल्या की नफातोटा मांडायचा. वहीत नफा दिसतो नि गल्ल्यात दमडी नसते, हे उधारीत पैसे अडकले की पोरांना बरोबर कळतं.

पण पैसे वाटताना माझा हात थबकायचा. सगळ्यांना सारखं भांडवल. असला बाजार मी कुठं बघितला?

माझ्या आईनं कर्ज काढून म्हैस घेतली. दूध घट्ट, पाण्याचा थेंब नाही. हॉटेलवाला म्हणाला, "दूध चांगलंय गं. पण तुझ्या दुधाचा चहा केला तर माझं गिऱ्हाईक तुटंल." म्हैस विकली. कर्ज राहिलं. आईचा हिशेब कुठं चुकला होता?

आईचं सोडा. परदेशात अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सबद्दल सल्ला देण्याचा धंदा काढला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं नि गिऱ्हाईक आटलं. 1918 मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, त्याच्या आधीची ही गोष्ट.

म्हणून यंदा नवी चिठ्ठी लिहिली. 'गिऱ्हाइकांना तुमची जात कळली. यापुढं विक्री निम्मी. उधारी बंद.' ती नेमकी पेठेतल्या पोरांच्या गटाला निघाली. ज्यांची तीन-तीन पिढ्यांची दुकानं.

दोन फेऱ्यांत खवळली पोरं. "सर, माल तोच, भाव कमी, तरी आम्हीच का बुडायचं? हा नियमच चुकीचा आहे. बदला!"

आईला जन्मात जे मोठ्यानं म्हणता आलं नाही, ते ही पोरं वीस मिनिटांत म्हणाली.

मग त्यांना अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगीची गोष्ट सांगितली. जमिनीच्या भाड्यावर मालक कसा गबर होतो हे दाखवायला तिनं एक खेळ बनवला. 1904 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. खेळाला दोन नियमावल्या. एकीत एकजण बाकीच्यांना बुडवतो. दुसरीत भाडं सगळ्यांच्या तिजोरीत जातं. 1935 मध्ये कंपनीनं मोनॉपॉली बाजारात आणला, तो बुडवायचाच. नियम आभाळातून पडत नाहीत. कुणीतरी करतं, कुणीतरी निवडतं.

घंटा झाली. पोरांनी चिठ्ठी चुरगळून टाकली नि गेली. त्यांची सुटली.

आपल्या वस्तीतली एक पोरगी मागं थांबली होती. तिनं चिठ्ठी उचलून सरळ केली. मी विचारलं, "तुमच्या गटाला आली असती तर?"

"रोखीनं थोडाथोडा माल घेतला असता, सर. भागवलं असतं."

धंदा तिला माझ्यापेक्षा बरा कळतो. पण नियमावर खवळायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. तेवढा धडा मी अजून शिकवलेला नाही.